मासे पडले तेव्हा मी घरात होतो

हसा, हसा, पोटभर हसून घ्या, मी थांबतो... झालं? बरं. तर बेडूक नव्हते, मासे होते. नाही, एवढं एक आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण आमच्या गल्लीत आता कुणी बेडूक म्हणतं, कुणी खेकडे म्हणतं, आणि परवा तर एक बाई दुकानात नंबर काढायला आल्या, खुर्चीत बसल्या, एक डोळा हातानं झाकला आणि दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघत हळूच विचारतात कशा, 'तुमच्याकडे म्हणे बदकं पडली?' बदकं! अहो बाई, बदकं पडली तर त्यात नवल कसलं? बदकाला पंख असतात, ते वर जातं, ते खाली येतं, त्याला पडणं म्हणत नाहीत, उतरणं म्हणतात! मासा वर जात नाही हो. तो वर गेला कसा, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आजतागायत मला कुणी विचारलेला नाही. मला सगळे एकच विचारतात... 'तेव्हा तुम्ही कुठे होतात?' अहो, मी घरात होतो! मासे पडले तेव्हा मी घरात होतो!

तुम्हाला सांगतो, माझा धंदा काय? चष्म्यांचा. दिवसभर भिंतीवरची अक्षरं दाखवून लोकांना विचारत असतो, दिसतंय का? आता? मघाशी जास्त स्पष्ट होतं की आता? म्हणजे कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे ठरवणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. लोक माझ्या शब्दावर नाकावर काचा चढवून रस्ता ओलांडतात! आणि त्याच माणसानं स्वतःच्या उघड्या डोळ्यांनी, स्वतःच्या अंगणात, भर उजेडात पाहिलेली गोष्ट मात्र... जाऊ दे. पण जाऊ तरी कशी देऊ?

मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही बदकांवर घसराल. मला एक नाद आहे. दचकू नका, दारूचा नाही, पत्त्यांचा नाही, गळ टाकून मासे धरण्याचा. धरण्याचा म्हणजे... टाकण्याचा. गळ टाकण्याचा. आमच्या गल्लीच्या टोकाला उतार आहे, तो उतरलं की तळंच. रविवार उजाडला की डोक्यावर टोपी, पायात गमबूट, हातात काठी, बगलेत गांडुळांचा डबा, की निघालो. 'काही मिळतं का?' असं लोक विचारतात. आता हा प्रश्न ज्यानं जन्मात गळ टाकला नाही त्याचा आहे. पाण्यावर बूच तरंगतंय, आपण बुचाकडे बघतोय, बूच आपल्याकडे बघतंय, यात जे मिळतं ते बाजारात मिळत नाही. 'पण मासा? इतक्या वर्षांत एक तरी?' हे आमची ही विचारते. एक लागला होता. चांगला हातभर होता. काठाला येता येता सुटला. कुणी पाहिला नाही, ही काय माझी चूक?

आता मुख्य गोष्ट. आमच्या लेकीला बाळ झालं. नात! जावयाची नोकरी फिरतीची, आज इथे तर उद्या तिथे, घरात दुसरं माणूस नाही, लेक एकटी, जागरणांनी बिचारीचे डोळे खोल गेले, तेव्हा असं ठरलं की तिनं बाळाला घेऊन सरळ आमच्याकडे यायचं आणि बाळ जरा मोठं होईपर्यंत राहायचं. मला काय आनंद झाला म्हणता! त्या दिवशी दुकानात मी एका आजोबांना त्यांच्या बायकोचा चष्मा देऊन टाकला, आणि ते आनंदानं घालून गेले, म्हणाले, 'आज पहिल्यांदा सगळं बरं दिसतंय.' पण आमची ही... ही म्हणजे कशी, की सगळं जग आनंदात असलं तरी हिचा एक पाय जमिनीवर. म्हणाली, 'येईल ती. पण घरात माणूस असेल तर येईल. मी बाळाला बघू, लेकीला बघू, चूल बघू, आणि तुम्ही दर रविवारी त्या बुचाकडे बघणार, हे जमायचं नाही. तसं असेल तर मीच जाते तिच्याकडे राहायला. तुम्ही आणि तुमचा गळ, सुखानं नांदा.'

मी लेकीला फोन केला, म्हटलं, पोर तरी बापाची बाजू घेईल. तर ती काय म्हणते? 'बाबा, एक रविवार. एक रविवार घरात राहून दाखवा. मी आलेच.' ऐकलंत? एक रविवार! स्वतःच्या बापाला! मी म्हटलं, 'एक काय, सगळे राहतो.' 'सगळ्यांचं नंतर बघू, बाबा. आधी एक.' माणसाला हिणवावं तरी किती... पण खरं सांगू? मलाही माझी खात्री नव्हती. कारण मला मी माहीत आहे ना.

तर तो रविवार. ही सकाळीच निघाली तिच्या बहिणीकडे, पाळणा आणायला. निघताना माझी काठी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये, पर्स काखोटीला. मागची खोली बाळासाठी पिवळ्या रंगानं रंगवायला घेतली होती. 'दुसरा हात मारून ठेवा. मी पाळणा घेऊन जेवायच्या वेळेला येतेच. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.' 'नाही टाकत.' 'शपथ?' 'नातीची श...' 'नातीची शपथ घालू नका हो!' 'बरं. गळाची शपथ.' तेव्हा कुठे तिचा चेहरा जरा निवळला. आमच्या घरात माझ्या शब्दाला किंमत नाही, पण माझ्या गळाला आहे.

आणि मी राहिलो हो घरात! कमरेला फडकं बांधून, हातात ब्रश घेऊन, भिंतीवर वरून खाली, वरून खाली, मनात सारखं बूच, पण पाय घरात. खिडकीतून छान ऊन येत होतं. आणि एकदम ऊन गेलं. मी वाकून बघतो तर तळ्याच्या बाजूला आभाळातून एक काळी सोंड खाली लोंबतेय! पाण्यावर वावटळ उठली होती, पाणी वर ओढून घेत होती, गरागरा, गरागरा... मग ती आमच्या गल्लीकडे कलली आणि मधेच मोडली. चार टपोरे थेंब पडले. आणि मग पत्र्यावर आवाज आला, धप्. मला वाटलं, कुणी चेंडू मारला. धप्. धप्, धप्! 'कोण आहे रे तिकडे?' म्हणत मी मागचं दार उघडलं, बाहेर मान काढली, आणि इथे, या इथे, टकलाच्या मधोमध, एक मासा! गार! ओला! जिवंत! टकलावरून कानावर, कानावरून खांद्यावर, आणि खांद्यावरून शर्टाच्या आत!

तुम्हाला सांगतो, मी पुतळाच झालो. शर्टात मासा फडफडतोय आणि मी बघतोय. अंगणभर मासे. कुंडीत मासे, चपलांत मासे, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीत झोपाळ्यात बसल्यासारखे दोन मासे, आणि एक चांगला मोठा तर धुण्याच्या बादलीत आपण होऊन पडला, जणू पत्ता विचारत आला होता. दर रविवारी मी तळ्यावर जायचो. एका रविवारी गेलो नाही, तर तळं चौकशीला घरी आलं! आणि कुणाला दाखवू? शेजारच्या मास्तरीणबाई लेकाकडे गेलेल्या, त्यांचं घर बंद, मागे राहिलेली फक्त त्यांची मांजर, आणि ती भिंतीवर बसून माझ्याकडे अशी बघत होती की तिला आयुष्यात पहिल्यांदा मी कामाचा माणूस वाटलो.

आता तुम्ही असता तर काय केलं असतं? फोटो काढला असता. बरोबर. चार लोकांना हाक मारली असती. बरोबर. शहाणा माणूस हेच करतो. पण गळवाल्याचं तसं नसतं हो! गळवाल्याला मासा दिसला की त्याचा हात आधी टोपीकडे जातो. मी आत धावलो, टोपी घातली, गमबूट चढवले, हातजाळी घेतली आणि मगच अंगणात उतरलो. मासे जमिनीवर पडलेत, हातानं उचलता येतायत, जाळी कशाला? अंगणात बोटभर पाणी नाही, गमबूट कशाला? विचारू नका कशाला! टोपीशिवाय माशाला हात लावायचा म्हणजे मला उघड्यावर अंघोळीला बसल्यासारखं वाटतं. सगळे बादलीत भरले, पाणी ओतलं, आणि मग मला अक्कल सुचली की हे कुणाला तरी कळवायला हवं. फोटो सुचला नाही. फोन सुचला. लावला हवामानवाल्यांना.

पलीकडून आवाज आला, झोपेतून उठवल्यासारखा. 'बोला...' म्हटलं, 'आमच्याकडे मासे पडले.' 'पाऊस की गारा?' 'मासे!' 'हो, पण पाऊस की गारा? आमच्याकडे पाऊस आहे, गारा आहेत, धुकं आहे. मासे असं काही नाही.' 'अहो, पण पडलेत!' 'मग मी तुमचं गारांत घालतो. आकार सांगा.' 'कुणी वीतभर, कुणी त्याहून लहान, एक तर...' 'वीतभर?!' आता मात्र त्याची झोप उडाली. 'वीतभर गारा? साहेब, तुम्ही आधी आत जा! डोकं सांभाळा!' आणि फोन बंद. डोकं सांभाळा! डोक्यावर पडून झाला होता मासा, आता काय सांभाळू?

इथपर्यंत सगळं ठीक होतं बरं का. मी घरात होतो. मासे पडले तेव्हाही घरात, फोन केला तेव्हाही घरात. इथेच ब्रश हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलो असतो तर आज मी तुमच्यासमोर असा रडत नसतो. पण गळवाल्यांचा एक नियम आहे. वीतभराहून लहान मासा ठेवायचा नाही, तो परत पाण्यात सोडायचा. नियम मला पहिल्या दिवसापासून पाठ होता, पाळायची वेळ कधी आली नव्हती, एवढंच. आणि आज समोर बादलीभर पिल्लं! इवली इवली तोंडं, उघडतायत, मिटतायत, उघडतायत, मिटतायत. घरात नात यायची आहे आणि मी अंगणात पिल्लं मरू देऊ? आता पेच बघा, शपथ गळाची, आणि नियमही गळाचाच. एक पाळायचा तर दुसरं मोडतं. मी म्हटलं, उतार उतरायचा, बादली पालथी करायची, चढ चढायचा, रंग वाळायच्या आत परत. मोठा मासा तेवढा न्हाणीघरात दुसऱ्या बादलीत ठेवला. का? पुरावा म्हणून! आणि निघालो. टोपी डोक्यावर, गमबूट पायात... काढायचे राहिलेच.

तळ्यावर पोचलो. पश्चिमेच्या काठाला लव्हाळ्याच्या आडोशाला बसून एकेक पिल्लू हळूच पाण्यात सोडतोय, ते सुर्रकन जातंय, मी म्हणतोय, जा बाबा, परत वर जाऊ नकोस... आणि मागच्या रस्त्यावर भोंगा वाजला. पां पां पां! हा भोंगा मी ओळखतो. माझा मेहुणा बस चालवतो. तळ्याच्या कडेनंच जाते त्याची बस. बस थांबली, खिडकीतून मेहुण्याचं डोकं बाहेर. 'काय भावोजी! रविवार सुटत नाही वाटतं!' मी ओरडलो, 'अरे, धरत नाहीये, सोडतोय!' तर म्हणतो, 'ते तर तुमचं नेहमीचंच की हो!' सगळी बस हसली. सगळी म्हणजे... एक सोडून. त्याच्या मागच्याच सीटवर, मांडीवर पाळणा घेऊन, आमची ही बसली होती.

ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. टोपीकडे बघितलं. गमबुटांकडे बघितलं. आणि पाळणा जरा जवळ ओढून घेतला. बस निघून गेली, आणि मी रिकामी बादली घेऊन चढ चढायला लागलो. तो चढ इतका लांब कधी नव्हता.

घरी पोचलो तर ही अंगणात कमरेवर हात ठेवून उभी. 'घराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हटलं होतं.' 'अगं, मासे पडले.' 'कुठून?' 'वरून.' 'वरून म्हणजे?' 'आभाळातून!' तिनं मान वर केली. आभाळ निळंशार, ढगाचा तुकडा नाही. मान खाली केली. अंगण कोरडं ठणठणीत, आणि माझ्या नजरेतून जे चार-दोन मासे सुटले असतील ते मास्तरीणबाईंच्या मांजरीच्या पोटात. भिंतीवर बसून मिशा पुसत होती बया! मी म्हटलं, 'थांब, पुरावा दाखवतो,' आणि हिला न्हाणीघरात नेलं. बादलीत मासा. 'बघ!' 'बघितलं. म्हणजे एक घरीसुद्धा आणून ठेवलात.' 'अगं, हा पुरावा आहे!' 'आहेच,' म्हणाली.

मग मी म्हटलं, शास्त्रानं बोलू. 'याचा ओठ बघ. गळ लागला की ओठाला जखम होते. आहे जखम?' तिनं माशाच्या तोंडाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं. 'आणि काठी? काठी कुठे आहे? तुझ्या कपाटात! किल्ली कुठे आहे? तुझ्या पर्समध्ये! काठीशिवाय मी गळ काय नाकानं टाकला?' आता मात्र ती थबकली. कपाळावरची आठी जरा सैल झाली, मी पाहिली, माझं कामच आहे ते. आणि तेवढ्यात मेहुणा, ज्याची फेरी संपली होती आणि जो बहिणीच्या प्रेमापोटी पाळणा आत ठेवायला आला होता, तो मागच्या खोलीतून हाक मारतो, 'ताई, हा इथला पडद्याचा दांडा बघितलास का? याला रीळ आहे!'

आता... होती. दुसरी काठी होती. मी नाही म्हणतच नाही. पण ती इतके दिवस पडदा धरून उभी होती की ती स्वतःच विसरली असेल आपण काठी आहोत ते! रंगासाठी मी पडदा काढला, दांडा कोपऱ्यात ठेवला, आणि लक्षातच नाही... हिनं तो दांडा हातात घेतला, रीळ फिरवून बघितलं, कर्रर्र, कर्रर्र, आणि लेकीला फोन लावला. मोठ्या आवाजावर टाकला. म्हणजे मी आरोपी, ही वकील, मेहुणा साक्षीदार आणि न्यायाधीश तिकडे बाळाला खांद्यावर घेऊन उभी.

हिनं सगळं सांगितलं. मग लेक म्हणते, 'आई, तू शांतपणे विचार कर. बादलीभर मासे म्हणालीस ना?' 'हो.' 'आई, बाबा जन्मात बादलीभर मासे धरू शकतील का?' मेहुणा डोकं खाजवत म्हणतो, 'हे मात्र खरं आहे, ताई. भावोजींना कधी काही लागलंय?' ही म्हणाली, 'नाही... लागलं तर नाहीच कधी.' 'मग?' लेक म्हणते, 'एका सकाळी, एवढे, ते पण बाबांना? त्यापेक्षा आभाळातून पडले हेच जास्त पटतं, आई.'

सुटलो होतो हो! पोरीनं सोडवलं होतं मला! हिनं दांडा कोपऱ्यात टेकवला, 'बरं, हातपाय धुऊन घ्या' म्हणायला तोंडसुद्धा उघडलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. एवढं एकच काम होतं मला. आणि मेहुणा हसला. 'भावोजींच्या गळाला मासा! हॅ हॅ हॅ!' तुम्हाला सांगतो, ते हसू माझ्या डोक्यात गेलं. इतक्या वर्षांची तपश्चर्या आणि हा बस चालवणारा मला हसतो? मी म्हटलं, 'का? शक्य का नाही? मनात आणलं तर अशा दहा बादल्या भरीन! वारा पडलेला, पाणी गढूळ, आज सकाळी होतं तसं, अशा वेळी पश्चिमेच्या काठाला, लव्हाळ्याच्या आडोशाला गळ टाकला तर मासे रांग लावून येतात, रांग!'

फोनमधून नातीची उचकी तेवढी ऐकू आली. मग लेक अगदी हळू म्हणते, 'बाबा... इतकी वर्षं एक लागला नाही, मग तिथे मासे रांग लावून येतात, हे तुम्हाला कसं माहीत?' मी म्हटलं, 'अगं, पिल्लं सोडायला गेलो तेव्हा पाहिलं!' पण तोवर संपलं होतं सगळं. हिनं परत दांडा उचलला होता.

संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, या भागात वीतभर गारा पडल्याचं कळतं, नागरिकांनी घराबाहेर पडू नये. मी उडी मारून उठलो, 'बघ! बघ!' ही म्हणाली, 'गारा म्हणाले. मासे नाही म्हणाले. आणि घराबाहेर पडू नये म्हणाले, तेही ऐका.' आणि बॅग भरायला लागली. उद्या सकाळच्या गाडीनं लेकीकडे. भांडण नाही, आदळआपट नाही. माझे शर्ट कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगितलं, दुधवाल्याला काय सांगायचं ते सांगितलं. माणूस भांडला तर त्याला मनवता येतं, हो. शर्टांचा कप्पा सांगायला लागला की कळतं, प्रकरण गंभीर आहे.

मी मागच्या खोलीत गेलो. तीन भिंती पिवळ्या, एक अर्धी, मधोमध पाळणा. सहज धक्का दिला. रिकामा पाळणा फार करकरतो, तुम्हाला सांगतो. मी तिथे रंगाच्या डब्यावर बसलो आणि विचार केला, मासे पडले तेव्हा मी घरात होतो, हे मला माहीत आहे. पण ते माहीत असून मी करू काय? या खोलीत बसून भिंतीला सांगू? नात तिकडे मोठी होणार, पालथी पडणार, हसायला लागणार, आणि मी इथे बरोबर असणार. एकटा, पण बरोबर! मी उठलो, बाहेर आलो आणि हिला म्हटलं, 'गेलो होतो मी तळ्यावर.'

तिनं घडी घालायची थांबवली. 'कधी?' 'तू गेल्या गेल्या.' 'गळ टाकलात?' 'टाकला.' 'त्या दांड्यानं?' 'त्याच दांड्यानं.' 'आणि मासे लागले?' 'लागले.' 'बादलीभर?' आता इथे, तुमच्यापाशी काय लपवायचं, मला जरा बरं वाटायला लागलं होतं. म्हटलं, 'दोन बादल्या. एक सांडली.' ती मटकन पलंगावर बसली आणि हसायलाच लागली हो! 'एवढंच म्हणायला एवढा वेळ लागला? अहो, तुमचा नाद काय मला नवा आहे? मला राग नादाचा नाही, खोटं बोलण्याचा येतो. म्हणे आभाळातून पडले!' लगेच फोन. लेक म्हणते, 'आता कसं बाबा! कबूल केलंत ना, बास. आम्ही येतो.' म्हणजे बघा, खरं बोलत होतो तोवर खोटारडा, आणि धडधडीत खोटं बोललो तर सरळ, साधा, प्रामाणिक माणूस!

आणि आली हो नात! त्या पिवळ्या खोलीत, त्या पाळण्यात. इवल्या मुठी, एवढंसं नाक, आणि डोळे... माझी बोटं शिवशिवतात तिचे डोळे तपासायला, पण ही ओरडते. आता मी सगळे रविवार घरात. काठ्या दोन्ही कपाटात, पडद्याला नवीन दांडा. आणि गंमत ऐका, मेहुण्यानं बसभर सांगून ठेवलंय की भावोजींनी एका सकाळी दोन बादल्या मासे धरले, आणि वर म्हणत होते आभाळातून पडले. झालं! तळ्यावरची गळवाली मंडळी, जी मला आजवर सरकून बसायला जागा देत नव्हती, ती आता दुकानात येते, चष्मा बघायचं नाटक करते आणि हळूच विचारते, 'उस्ताद, आमिष कुठलं?' अख्ख्या आयुष्यात मला गळवाला म्हणून मान मिळाला तो ज्या दिवशी मी गळाला हात लावला नाही त्या दिवसाचा. आणि तळ्यावर जायची सोय नाही. तुम्हाला हे सगळं खरं सांगतोय ते आपलं तुमचं माझं म्हणून, आमच्या घरी यातलं अवाक्षर काढायचं नाही, तुम्हाला माझी... गळाची शपथ आहे.

नाही, कारण परवाच्या रविवारी काय झालं, सांगतो. नातीला खांद्यावर घेऊन मागच्या अंगणात फिरवत होतो. लेक आत झोपलेली, ही स्वयंपाकघरात. छान ऊन होतं, दोरीवर चादरी वाळत होत्या. आणि एकदम ऊन गेलं. मान वळवून तळ्याकडे बघायचा धीर होईना. मी नातीला छातीशी धरलं आणि धावत पत्र्याखाली आलो, आणि वर वाजलं, धप्. धप्, धप्! एक मासा पत्र्यावरून घसरत आला आणि माझ्या पायाशी पडला. नातीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि तोंडभर हसली! माझी साक्षीदार, हो. जगातली एकुलती एक, स्वतःच्या डोळ्यांनी बघणारी. आणि तिला अजून बोलता येत नाही.

आतून हिचा आवाज आला, 'अहो, काय पडलं?' मी नातीकडे बघितलं. माशाकडे बघितलं. मांजर भिंतीवरून उतरतच होती, मासा पायानं तिच्याकडे सरकवला. डोळ्यांपुढे ती बॅग आली, तो शर्टांचा कप्पा आला, तो करकरणारा पाळणा आला. म्हटलं, 'काही नाही गं... पाऊस!' 'बरं, मग चादरी आत घ्या,' ती म्हणाली, आणि तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझ्या शब्दावर तिनं खिडकीतून डोकावूनसुद्धा बघितलं नाही.

घेतल्या चादरी आत. नीट झटकून.